उरण : भरती-ओहोटीवर वसलेले एक नगर

(परिसर-अभ्यासाचा पाठ : इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

मुलास भूगोल शिकवावयाचा तो त्याच्या दारापासून, हे तत्त्व आपणा सर्वांस मान्य आहे. पण प्रत्यक्षात काय होते? नदी, पर्वत व राजधान्या ह्यांची नावे मुले घडाघडा म्हणून दाखवितात आणि शाळेच्या मागील खाडीस भरती केव्हा येते, हे विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हा दोष मुलांचा नव्हे.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील उरण ह्या नगराची ओळख करून दिली आहे. मीठ, भात आणि मासळी ह्या उरणच्या तीन जुन्या ओळखी. ह्या तिन्ही वस्तू वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांचा धनी एकच, तो म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी. भरतीचे पाणी आत घेतले की मीठ, बाहेर अडविले की भात, आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जाळे लावले की मासळी. एवढे सूत्र मुलांच्या मनावर ठसले, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे. ज्या शिक्षकांची शाळा समुद्रापासून दूर आहे, त्यांनी हाच क्रम आपल्या गावच्या नदीस वा डोंगरास लावून पाहावा.

१. नगराची ओळख

मुंबई बंदराच्या पूर्वेस, पाण्यापलीकडे उरण वसले आहे. नकाशात आज ते मुख्य भूमीस जोडलेले दिसते. परंतु पूर्वी उरण-करंजा हे एक बेटच मानले जाई. पूर्वेकडील खाडी व खाजण ह्यांनी ते मुख्य भूमीपासून तोडले होते. पुढे बांधबंदिस्ती, मिठागरे, रस्ते आणि भराव ह्यांनी ही दरी बुजत गेली. दक्षिणेस द्रोणागिरीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी करंजा हे मच्छीमारांचे गाव, आणि उत्तरेस मोरा बंदर अशी साधारण मांडणी आहे. मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यास लाँच जाते. करंजाहून धरमतर खाडी ओलांडून अलिबाग तालुक्यातील रेवस येथे जाता येते.

गाव जुने आहे. चाणजे व रानवड येथे मिळालेले शिलाहारकालीन शिलालेख त्याची साक्ष देतात. घारापुरीची लेणी ह्याच तालुक्यात मोडतात. १९८७ साली जागतिक वारसा म्हणून त्यांची नोंद झाली. जगभरातून पाहुणे येणाऱ्या ह्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती मात्र २०१८ साली. ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

उरणचा नगरपालिकेचा कारभार एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या सुमारे ३० हजार होती. भोवतालच्या गावांत आगरी, कोळी व कराडी समाजांची वस्ती मोठी आहे. 'आगरी' हे नावच मुळी 'आगर' म्हणजे मिठागर ह्या शब्दाशी जोडले जाते. दक्षिण कोकणात आगर म्हटले की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांपुढे येते. उरण-पेणकडे आगर म्हणजे मिठाचे. एकच शब्द दोन ठिकाणी दोन पिके दाखवितो, हे भाषेच्या तासासही उपयोगी पडेल.

२. भरतीचे गणित

मिठाकडे वळण्यापूर्वी भरतीचा विचार करू. दिवसात दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. म्हणून भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी फार वर चढते. ह्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार थोडा असतो. त्यास भांगाची भरती म्हणतात.

ह्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा चालत आला आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता, साधारणपणे, पूर्ण भरती असते. उदाहरणार्थ, पंचमीस पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे व दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. अपूर्णांकांचे इतके सुंदर व्यवहारी उदाहरण पुस्तकात शोधून सापडणार नाही. ज्याने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही असा नाखवाही हे गणित तोंडी करीत असे.

३. पहिली ओळख : मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम आपले खाण्याचे मीठ आणि उरलेले इतर क्षार. हे इतर क्षार वेगळे काढणे हीच मिठागराची खरी विद्या होय. नुसते पाणी आटविणे कोणासही जमेल.

पावसाळा संपला की मिठागराची डागडुजी सुरू होते. बांध लिंपावयाचे, वाफ्यांतील चिखल पायांनी तुडवून तुडवून सपाट व घट्ट करावयाचा, म्हणजे पाणी जमिनीत जिरत नाही. उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातील झडपेच्या दारातून, पाणी पहिल्या मोठ्या साठ्यात घेतात. तेथे ते ऊन व वारा ह्यांनी दाट होते आणि मग एकामागून एक लहान वाफ्यांत सोडले जाते. पाणी दाट होत असता प्रथम त्यातील चुन्याचे क्षार खाली बसतात. शेवटच्या वाफ्यांत मिठाचे खडे धरू लागतात. येथेच कौशल्याचा क्षण येतो. पाणी पूर्ण आटू दिले, तर मॅग्नेशियमचे कडू क्षारही मिठात उतरतात. म्हणून थोडे पाणी शिल्लक असतानाच लाकडी दांताळ्याने मीठ ओढून बांधावर त्याची रास करतात आणि उरलेले कडवट पाणी सोडून देतात. पाणी केव्हा पुरेसे दाट झाले, हे मिठागरातील अनुभवी माणूस रंगावरून व स्पर्शावरून ओळखी.

उन्हाळा हाच ह्या पिकाचा हंगाम. शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, त्याचीच मिठागरवाल्यास धास्ती. अवकाळी एक सर आली की पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात जाते. येथे हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. मजुरांचे पाय दिवसभर खाऱ्या पाण्यात राहून फुटत; त्या मजुरीत स्त्रियांचा वाटा मोठा होता, हेही सांगावयास विसरू नये.

आज उरण परिसरातील मिठागरे फार थोडी उरली आहेत. शिवाय गलगंड व आयोडीनच्या अभावाने होणारे इतर विकार टाळण्यासाठी, थेट खाण्याकरिता आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशात बंदी आहे. हा नियम मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने हिताचाच आहे. मात्र खडेमीठ पिकविणाऱ्या लहान आगरांचा बाजार त्यामुळे आणखी आटला, हीदेखील वस्तुस्थिती होय.

४. दुसरी ओळख : खारभूमीतील भात

ज्या भरतीला मिठागरवाला दार उघडतो, तिलाच शेतकरी दार लावतो. खाजणाच्या जमिनीभोवती मातीचा भक्कम बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवावयाचे आणि पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढावयाचे, ही खारभूमीच्या शेतीची रीत. येथेही उघाडी असते, पण उलट कामाची. भरतीच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की शेतातील जादा पाण्याच्या दाबाने उघडते. मुलांनी पुठ्ठ्याची अशी झडप करून पाहावी.

अशा जमिनीत पुष्कळ ठिकाणी रोपे न लावता मोड आलेले बी चिखलात फेकतात. ह्यास रहू म्हणतात. खारे सहन करणारे काळा राता, भुरा राता असे तांबूस दाण्याचे जुने वाण ह्या पट्ट्यात होते. पुढे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे सुधारलेले वाण निघाले. भात कापल्यावर जमीन तापते, खालचे क्षार ओलाव्याबरोबर वर चढतात आणि पांढरी बुरशी आल्यासारखी दिसू लागते; म्हणून दुसरे पीक सहसा येत नाही.

बांध हा एकट्यादुकट्याचा नसतो. एका ठिकाणी खांड गेली की सगळ्या गावाची शेती खारावते आणि ती पुन्हा गोडी होण्यास काही पावसाळे लागतात. म्हणून बांधाची राखण हे सामुदायिक कर्तव्य मानले जाई. ह्या कामास सरकारी आधार मिळावा म्हणून १९४८ साली मुंबई राज्यात खारभूमीचा कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. नागरिकशास्त्रातील 'सहकार्य' हा धडा शिकविताना ह्याहून चांगला दाखला कोठे मिळणार? जसखार ह्यासारख्या गावाच्या नावात 'खार' हा शब्द अजून आहे. गावांच्या नावांचे अर्थ मुलांकडून शोधवून घ्यावेत.

५. तिसरी ओळख : मासळी

करंजा, मोरा व आसपासचे कोळीवाडे ही मासळीची ठाणी. बोंबील, मांदेली, जवळा अशा मासळीसाठी डोल नावाचे जाळे वापरतात. ते एखाद्या लांब पिशवीसारखे असून रुंद तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. मासा जाळ्याकडे यावा म्हणून त्याचा पाठलाग करावा लागत नाही. भरती-ओहोटीचा ओघच त्याला आत आणतो. प्रवाह फिरण्यापूर्वी जाळे उचलावे लागते. म्हणून कोळ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो पाण्यावर चालतो.

ताजा बोंबील टिकत नाही. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून तो वाळवितात, जवळा अंगणात पसरून सुकवितात, कोळंबी सोलून तिचे सोडे करतात. पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तो काळ पुष्कळशा माशांच्या विणीचा असल्याने ही बंदी समुद्रास विसावा देते. त्या दिवसांत सुकी मासळी व तांदळाची भाकरी हाच घरोघरचा आधार. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून पुन्हा होड्या लोटण्याचा रिवाज आहे.

खाडी व खाजण ह्यांची मासळी वेगळी. चिखलात उड्या मारणारी निवटी, खाजणातील चिंबोरी, खडकावरची कालवे, रेतीतील शिवल्या हे हाताने किंवा साध्या साधनाने मिळणारे अन्न बहुधा स्त्रियाच गोळा करीत. सर्वांत मानाचा मासा जिताडा. त्याची वीण खाऱ्या पाण्याकडे होते आणि पिले भरतीबरोबर खाडीतून गोड्या पाण्याकडे येतात. ही पिले पकडून गावच्या तळ्यात सोडावयाची व मोठी झाल्यावर काढावयाची, ही रायगडातील जुनी रीत. घरी मोठा पाहुणा आला की तळ्यातील जिताडा निघे.

थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करून शिजविलेली पोपटी हे साऱ्या जिल्ह्याचे वैशिष्ट्य उरणासही प्रिय आहे.

६. नगर कसे बदलले

येथवरचे वर्णन ऐकून मुलाने बाहेर पाहिले, तर त्याला कंटेनरांनी लादलेल्या गाड्यांची रांग दिसेल. ह्या दोन चित्रांची सांगड घातल्याशिवाय पाठ पुरा होत नाही.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादन करण्याचे ठरले. 'मुंबई हाय'च्या तेल-वायूचे केंद्र उरणास आले, बोकडविऱ्यास वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले आणि १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत धावू लागली.

ह्या बदलास किंमत पडली. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण ह्या लढ्याचे फळ होय. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांस मूळ जागा सोडावी लागली. बंदराच्या विस्तारामुळे मासेमारीचे नुकसान झालेल्या १,६३० कुटुंबांस सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

ह्या मातीस लढा नवा नव्हता. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले होते.

शिक्षकाने येथे तोल सांभाळावा. बंदर व रेल्वे ह्यांमुळे रोजगार आला, दवाखाना व महाविद्यालय जवळ आले, हे खरे. भरावामुळे भरतीच्या वाटा बुजल्या, कांदळवने कमी झाली आणि त्यांबरोबर मीठ, भात व खाडीची मासळी मागे हटली, हेही तितकेच खरे. वर्गात भूमिपुत्राचे मूल असते, तसेच बंदरात कामास आलेल्या परप्रांतीयाचेही असते. कोणाच्याही मनात दुसऱ्याविषयी कडवटपणा पेरू नये. पण कार्यकारणही झाकून ठेवू नये.

७. दूरदेशीचे एक भावंड

हा प्रश्न केवळ उरणचा नाही. फिलिपिन्स देशातील लुझोन बेटावर पंगासिनान नावाचा प्रांत आहे. तेथील भाषेत 'असिन' म्हणजे मीठ, आणि 'पंगासिनान' म्हणजे मीठ पिकण्याची जागा. आपला आगरी आणि तो प्रांत, दोघांचीही नावे मिठावरून पडली. त्या प्रांतातील दासोल हे किनाऱ्यावरील नगर आजही मिठासाठी ओळखले जाते. लिंगायेनचे लोक बारीक मासळी व कोळंबी मिठात मुरवून 'बागूंग' नावाचे तोंडी लावणे करतात. जवळा वाळविणाऱ्या आपल्या घरांस ते परके वाटणार नाही. दागुपान येथे खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळ्यांत 'बांगुस' मासा वाढवितात. आपला जिताडाही त्या देशात आहे. तेथे त्यास 'अपाहाप' म्हणतात.

त्या देशानेही १९९५ साली आयोडीनयुक्त मिठाचा कायदा केला. त्यानंतर अनेक लहान मिठागरे बंद पडली आणि चहूकडे समुद्र असूनही देशास लागणारे बरेचसे मीठ बाहेरून आणावे लागू लागले. २०२४ साली मिठाच्या धंद्यास पुन्हा उभारी देण्यासाठी तेथे नवा कायदा करण्यात आला. बंद पडलेले आगर पुन्हा सुरू करावयाचे, तर पाणी व ऊन पुरत नाही. ते काम जाणणारी माणसे लागतात. हा धडा आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे.

८. पाठ कसा घ्यावा

(अ) पूर्वतयारी : मुलांनी घरून खडेमीठ, मूठभर भात व थोडी सुकी मासळी आणावी. 'ह्या तीन वस्तूंत समान काय?' ह्या प्रश्नाने पाठास आरंभ करावा. उत्तर घाईने सांगू नये.

(आ) प्रयोग : पसरट ताटलीत अर्धा लिटर खाडीचे पाणी घेऊन उन्हात ठेवावे. रोज पाण्याची पातळी व रंग वहीत लिहावा. खाडी दूर असल्यास साध्या पाण्यात मीठ विरघळवून प्रयोग करावा. पावसाळ्यात व उन्हाळ्यात मिळणाऱ्या मिठाचे वजन वेगळे का येते, ह्यावर चर्चा घ्यावी.

(इ) सहल : ओहोटीच्या वेळी बांध, उघाडी किंवा मासळीचा धक्का दाखवावा. पाणजे परिसरातील पाणथळ जागी हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, ते पाहावेत. भरतीची वेळ आधी काढून ठेवावी व मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

(ई) शब्दसंग्रह : हे काम सर्वांत महत्त्वाचे. उघाडी, खांड, खाजण, रहू, वलांडी, डोल, भांग असे शब्द प्रत्येक मुलाने आजी-आजोबांस विचारून आणावेत व वर्गाच्या एका वहीत त्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या अर्थासह लिहावेत. मुलाने आगरी, कोळी वा कराडी बोलीत शब्द उच्चारला, तर तो 'अशुद्ध' म्हणून खोडू नये. ज्या कामास प्रमाणभाषेत शब्दच नाही, त्याचा शब्द अशुद्ध कसा ठरेल?

प्रश्न व स्वाध्याय

१. मिठागराची उघाडी व शेतीची उघाडी ह्यांच्या कामात फरक कोणता?
२. वाफ्यातील पाणी पूर्ण आटण्यापूर्वीच मीठ का ओढतात?
३. आजची तिथी पाहून भरतीची वेळ काढा व प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहा.
४. एक हजार लिटर समुद्राच्या पाण्यात किती किलो खाण्याचे मीठ असेल?
५. तुमच्या घरातील तीन पिढ्यांचे व्यवसाय लिहा. बदल केव्हा व का झाला, ते वडीलधाऱ्यांस विचारा.
६. तुमच्या गावाची एक प्रसिद्ध वस्तू सांगा व ती तेथेच का होते, ह्याची कारणे लिहा.

समारोप

मीठ कोठून येते, असे वर्गात विचारले असता आज 'दुकानातून' हे उत्तर येते. ज्याच्या पणजोबाने आयुष्यभर चिखल तुडवून मीठ पिकविले, त्याच घरचे मूल हे उत्तर देत असेल, तर त्या दोघांमधील दुवा निखळला असे समजावे. मिठागरे परत आणणे शिक्षकाच्या हाती नाही. बंदर हलविणेही नाही. परंतु ते ज्ञान, ते शब्द आणि त्या श्रमांविषयीचा आदर पुढच्या पिढीच्या वहीत उतरविणे त्याच्या हाती निश्चित आहे. हे सारे जाणणारे वृद्ध आज गावोगाव आहेत. उद्या असतीलच असे नाही. म्हणून शब्दांची ती वही ह्याच सत्रात सुरू करावी.